तिरप्या नळ्या

पावसाळा लागला की आमच्या वैनगंगेचे पाणी दुधाच्या चहासारखे होते. लहानपणी आई ते गुंडात भरायची, तुरटीचा खडा चार वेळा फिरवायची आणि बजावायची, "हात लावू नका, निवळू द्या." सकाळी वरचे पाणी अलगद काढून घ्यायचे, तळाचा गाळ झाडाला. मी मराठी माध्यमाचा बी.ए. पाणी निवळायला वेळ लागतो, एवढेच विज्ञान मला ठाऊक.

१९८६ साली आठवीच्या मुलांना एका जलशुद्धीकरण केंद्रावर नेले होते. एका टाकीत चौकोनी नळ्यांचा जुडगा तिरपा बसवलेला होता. एक मुलगा म्हणाला, "सर, ह्या नळ्या तिरप्या काहून बसवल्या? उभ्या काहून नाही?"

मला उत्तर येत नव्हते. तसे सांगायचे सोडून मी म्हणालो, "इंजिनिअर तू का ते? गप उभा राहा." पोरे हसली. त्या वर्षात त्याने पुन्हा प्रश्न विचारला नाही, हे मात्र माझ्या लक्षात राहिले.

गेल्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या कामातला माझा भाचा घरी आला, तेव्हा तोच प्रश्न मी त्याला विचारला.

तो म्हणाला, "मामा, साध्या टाकीत गाळाच्या कणाला तळ गाठायला दोन-तीन मीटर खाली यावे लागते. नळीत पाणी खालून वर चढते आणि कण खाली बसू पाहतो. नळी उभी असेल तर त्याला टेकायला जागाच नाही. तिरपी केली की नळीची खालची बाजू हाच त्याचा तळ. पाच सेंटिमीटर रुंदीची नळी ६० अंशांत असली, तर कणाला जास्तीत जास्त दहा सेंटिमीटर पडायचे असते."

"मग ६० अंशच का?"

"आपले कवेलूचे छप्पर आठवा. उतार कमी झाला की पालापाचोळा अडतो. गाळही तसाच. ६० अंशांत तो आपोआप घसरून खाली जातो आणि स्वच्छ पाणी वरून निघते."

पुढचे त्याने अंगणात पत्रा धरून दाखवले. पत्रा आडवा धरला तर भर दुपारी सावली पूर्ण पडते, ६० अंशांत उभारला की निम्मी. पण असे पत्रे शेजारी शेजारी कितीतरी लावता येतात. त्या सगळ्या सावल्यांची बेरीज म्हणजे टाकीचा खरा तळ! निवळणे टाकीच्या खोलीवर नाही, तळाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, हे ॲलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने १९०४ सालीच मांडले होते. १९२० साली बॉयकॉट नावाच्या डॉक्टरला तिरप्या नळीतले रक्त उभ्या नळीपेक्षा लवकर निवळताना दिसले.

आपल्याकडेही हे जुनेच आहे. जे. एन. कर्डिले या अभियंत्यांनी १९७३ साली शेजारच्या रामटेकला कमी खर्चाचे शुद्धीकरण केंद्र उभे केले. पुढे १९७७ साली जळगाव जिल्ह्यात वरणगावला अशा नळ्या बसवल्या आणि गाळणीत वाळूवर नारळाच्या करवंटीचा चुरा घातला. अर्थात नळ्यांनी फक्त गाळ जातो. त्याआधी तुरटी लागतेच, नंतर गाळणी आणि क्लोरीन. पाण्यात विरघळलेली घाण तर नळ्यांना दिसतही नाही.

मी स्वतः दोन बाटल्यांत नदीचे गढूळ पाणी भरले. एक उभी ठेवली, एक भिंतीला तिरपी टेकवली. तिरपी आधी निवळली. पंचाहत्तरीत मला लहान मुलासारखा आनंद झाला.

महिनाभराने तो विद्यार्थी आठवडी बाजारात भेटला. आता त्याचेही केस पिकले आहेत, धानाची शेती करतो. चहाच्या टपरीवर ग्लास तिरपा करून मी त्याला सगळे समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"सर, मी असं काही विचारलं होतं हे आठवतच नाही," तो म्हणाला. "पोरं हसली होती, ते आठवते."

चहाचे पैसे त्यानेच दिले. मला देऊ दिले नाहीत.