पलीकडे काही काम नसताना

दाभोळच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला होडीचं कौतुक नसतं. आमच्यासाठी होडी म्हणजे पलीकडे नेणारी तर. पलीकडे आत्याचं घर, पलीकडे जत्रा, पलीकडे कुणाची तरी दहाव्याची भांडी पोचवायची. तरवाल्याची वेळ पाळायची, भरती-ओहोटीचं गणित सांभाळायचं, साडीचा काठ वर खोचून चिखलात उतरायचं आणि गप्प बसायचं. पाण्यात हात घातला तर थोरल्यांची चापट बसे. होडीत मजा करायची असते, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

आजी तर आषाढात होडीचं नावही काढू द्यायची नाही. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येला, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आजीच्या माहेरच्या गावातलं कुणीतरी त्यात होतं. जुलै म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर तेच. तसंही आमच्याकडे जून-जुलैत होड्या शाकारून ठेवलेल्या असत. माडाच्या झापांखाली त्या झोपायच्या आणि नारळी पौर्णिमेलाच जाग्या व्हायच्या. मुंबईत कॉलेजला असताना मैत्रिणींबरोबर गेटवेवरून घारापुरीला गेले, तेव्हा तिकीट काढून पाण्यात फिरायला जाणाऱ्या माणसांचं मला मनापासून नवल वाटलं होतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही फिनलंडला, तांपेरेला आलो, आणि जुलै उलटा झाला. इथे होड्या झोपतात त्या हिवाळ्यात. सरोवर गोठतं, त्यावरून माणसं चालतात, स्कीवर जातात, आणि होड्या काठावरच्या बर्च झाडांखाली बर्फाची दुलई घेऊन पालथ्या पडलेल्या असतात. मे महिन्यात बर्फ वितळलं की त्या सरळ होतात. जुलैत कार्यालयं ओस पडतात, ईमेलला उत्तर येतं ते ऑगस्टची तारीख सांगणारं, आणि अख्खा देश पाण्याकडे सरकतो. या देशात एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार सरोवरं मोजलेली आहेत, त्यामुळे सरकायला फार लांब जावं लागत नाही.

आमच्या शेजारच्या आजीबाईची लाकडी होडी आहे. आजीबाईचं उन्हाळी घर नॅसियार्वी सरोवराच्या काठाला आहे. मे महिन्यात पहिल्यांदा मी मदतीला गेले, तेव्हा तिने होडी सरळ केली, आतल्या पाइनच्या सुया झाडल्या, आणि पाण्यात ढकलून तिला चक्क बुडू दिलं. मी घाबरून बघत राहिले. ती शांतपणे कॉफी ओतत होती. हिवाळाभर सुकलेल्या फळ्यांमध्ये फटी पडतात. दोन-तीन दिवस पाण्यात राहिल्या की लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. मग पाणी उपसायचं, की होडी तयार. आतून तिला पाइनचं डांबर लावलेलं असतं. उन्हात तापलं की त्याचा धुरकट, गोडसर वास येतो, आणि तो आला की आजीबाई डोळे मिटून घेते.

हा वास फिनिश माणसांना भलताच प्रिय. डांबराच्या चवीच्या गोळ्या मिळतात, डांबराच्या वासाचा शांपू मिळतो. सुरुवातीला मला हा विक्षिप्तपणा वाटे. मग कळलं की एके काळी डांबर ही या देशाची मोठी निर्यात होती. युरोपातली लाकडी जहाजं त्यावर तरंगत. कायनू भागातल्या जंगलांतली गरीब कुळं पाइनच्या झाडांची साल सोलून, ती झाडं वर्षानुवर्षं तशीच राखून, मग भट्टीत जाळून डांबर काढायची आणि पिंपं लांबोडक्या होड्यांत भरून औलुयोकी नदीच्या खळाळांतून औलू बंदरापर्यंत न्यायची. येताना प्रवाहाविरुद्ध होडी ओढत, ढकलत आणायची. त्या माणसांना डांबराचा वास आला की डोळे मिटावेसे वाटले असतील, पण ते थकव्याने.

तेच चर्चच्या होड्यांचं. रस्ते नव्हते तेव्हा अख्खी वाडी एका लांब होडीत बसून, वल्ही मारत रविवारच्या प्रार्थनेला जायची. आज त्याच घाटाच्या होड्या घेऊन चौदा-चौदा जण जुलैत सुल्कावा इथल्या वल्हवण्याच्या शर्यतीत उतरतात. १९६८ पासून ही शर्यत चालू आहे. हाताला फोड येईस्तोवर वल्हवतात आणि त्याला सुट्टी म्हणतात!

आई पहिल्यांदा इथे आली, तेव्हा आम्ही तिला रात्री दहा वाजता होडीतून नेलं. उजेड लख्ख होता. थर्मासमध्ये कॉफी, बरोबर वेलदोडा घातलेले गोड पाव. मी वल्हवत होते. बराच वेळ गेल्यावर आईने विचारलं, "पलीकडे कोण राहतं गं?" म्हटलं, "कुणी नाही." "मग काम काय आहे तिकडे?" म्हटलं, "काही नाही. थोडं जायचं, कॉफी प्यायची, परत यायचं." ती हसली नाही. जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे येताना ओझंही नाही." आणि मग तिने पाण्यात हात घातला.

होडीतून फिरण्याचं सुख मला तेव्हा उलगडलं. हे सगळं तर आम्हीही करत होतो. तेच वल्हं, तोच पाण्याचा थपथपाट. वजा झाली होती ती फक्त गरज. माणूस ज्या कष्टांतून सुटतो, तेच कष्ट तो पुढे हौसेने मागून घेतो, फक्त मधे काही काळ जावा लागतो. आणि रजा लागते. फिनलंडच्या कायद्यात २ मे ते ३० सप्टेंबर हा रजेचा हंगाम ठरवलेला आहे. पूर्ण हक्काची रजा असेल तर तिच्यातले चोवीस दिवस, म्हणजे शनिवार धरून चार आठवडे, साधारणपणे त्याच काळात मिळतात. ते बस चालवणाऱ्यालाही मिळतात आणि बँकेच्या साहेबालाही. पाण्यावरून वल्हवत जायला कुणाची परवानगी लागत नाही. साधी काठी, दोरा आणि गांडूळ घेऊन मासे धरायला परवानाही नको. इथल्या उन्हाळ्याचं श्रेय लोक सरोवरांना देतात. मी ते अर्धं कायद्याला देते.

माझा चुलतभाऊ गावाकडे पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला मशीनची होडी चालवतो. पुण्या-मुंबईची माणसं नारिंगी जॅकेटं घालून बसतात, ओरडतात, फोटो काढतात. गेल्या खेपेला मी त्याला विचारलं, वहिनीला आणि मुलांना कधी नेतोस की नाही नुसतं फिरायला?

"अगो ताई, डिझेल कोण घालणार?"

"मग धाकटी होडी काढ की. वल्हव."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "वल्हवू? आमच्या बापाने पोटासाठी वल्हवून हात सोलून घेतले, आणि मी आता हौस म्हणून वल्हवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याचं चुकतही नव्हतं. डांबराची पिंपं वाहणाऱ्याच्या मुलालाही डांबराचा वास आवडला नसेल. नातवाला आवडला. चुलतभावाची मुलगी आता चौथीत आहे. तिच्या आजोबांची ती धाकटी होडी तेवढी मोडीत काढू नकोस, असं मी त्याला सांगून आले आहे.