टपावरचं ऊन

जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस आधी मीटर बघतो. आकडा कमी दिसला की त्याचा चेहरा खुलतो. मी वसई पूर्वेला सातिवली-वालीवच्या पट्ट्यात गाड्या रंगवतो, आणि माझं ठाम मत आहे की वसई-विरारमध्ये गाडी घेताना मीटरच्या आधी टप बघावा. इथली गाडी चालून झिजत नाही, उभी राहून झिजते. मालक सकाळी घरून निघतो, नायगाव, वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्टेशनच्या आसपास मिळेल तिथे गाडी लावतो आणि चर्चगेटची लोकल धरतो. गाडी रात्रीपर्यंत उघड्यावर. ज्यांना स्टेशनलाही न्यायची नसते त्यांची गाडी इमारतीच्या बाहेर रस्त्यावर उभी, कारण नालासोपाऱ्यातल्या कितीतरी इमारतींना पार्किंगच नाही. आठ-दहा वर्षांनी अशी गाडी विकायला निघते तेव्हा इंजिन खणखणीत असतं, सीटांवरची प्लास्टिकची कव्हरंसुद्धा शाबूत असतात, आणि टपावर पांढरे चट्टे पडून पापुद्रे सुटलेले असतात.

हे पापुद्रे क्लिअरचे. आजच्या गाडीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली कारखान्यात टाकीत बुडवून, वीज सोडून चढवलेला प्रायमर असतो. त्यावर सरफेसर, त्यावर रंग म्हणजे बेस, आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर. सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन भरतात आणि त्यात क्लिअर असतो 40च्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. बेस वाळला की मंद दिसतो, त्याला स्वतःची झळाळी नसते. गाडीची सगळी चकाकी क्लिअरची. उन्हातले अतिनील किरण खालच्या रंगापर्यंत पोचू नयेत म्हणून क्लिअरमध्ये ते शोषून घेणारी रसायनं घातलेली असतात. ती वर्षानुवर्षं खर्ची पडतात. ती संपत आली की क्लिअरची राळ ठिसूळ होते, बारीक तडे जातात, किरण बेसपर्यंत उतरतात आणि बेसचा वरचा भाग भुसभुशीत होतो. धरायला घट्ट काही उरलं नाही की क्लिअर सुटतो. एक कड उचलली गेली की तिच्याखाली पाणी जातं आणि पुढचं काम पाऊस करतो.

ऊन किती खोल जातं याचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला. 1980च्या दशकाच्या अखेरीस आणि 1990च्या दशकात तिथल्या लाखो गाड्यांचा रंग मोठमोठ्या पापुद्र्यांनी सोलून निघाला. बऱ्याच गाड्यांवर मधला सरफेसरचा थर वगळलेला होता. किरण पातळ बेसमधून आरपार जाऊन सगळ्यात खालच्या प्रायमरला लागले आणि त्याची पकड सुटली. वरून बघणाऱ्याला वाटलं रंग खराब आहे. खराब झाली होती त्याच्या खालची जमीन. सुटलेला क्लिअर समोर आला की मी आधी हीच गोष्ट तपासतो: रोग कुठल्या थरापर्यंत गेलाय?

आमच्याकडे येणाऱ्या वयस्कर माणसांची अपेक्षा वेगळी असते आणि तिला कारण आहे. त्यांनी पद्मिनी, अँबेसेडर, पहिल्या मारुती 800 बघितलेल्या. त्या काळच्या साध्या रंगाच्या गाड्यांवर क्लिअर नसायचा. रंग उन्हाने पांढुरका पडला की रबिंग कंपाउंड घेऊन घासायचं, फडक्याला रंग लागायचा, मेलेला थर निघायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्ता सोडला, तोवर काळ्या-पिवळ्या रंगाला असं कितीदा उजाळा दिला गेला असेल कोण जाणे. ती माणसं आजच्या ग्रे मेटॅलिकच्या टपावर बोट ठेवून म्हणतात, “जरा कंपाउंड मार, येईल.” येत नाही. क्लिअर निघालेल्या जागी घासलं तर बेस घासला जातो, मेटॅलिकचे कण उघडे पडतात आणि डाग मोठा होतो. आपल्या गाडीवर क्लिअर आहे की नाही हे कळायला सोपी खूण: कोपऱ्यात थोडं कंपाउंड लावून पांढऱ्या फडक्याने घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर साधा रंग, नाही लागला तर क्लिअर.

वसईचं हवामान या कामात उन्हाला हातभार लावतं. पश्चिमेला भुईगाव, राजोडी, कळंब, अर्नाळा इकडे समुद्राचा खारा वारा. वाडीत झाडाखाली लावलेली गाडी उन्हापासून वाचते, पण तिच्यावर जांभळं, चीक, पाखरांची आणि वटवाघळांची शिट पडते. तापलेल्या क्लिअरवर शिट दिवसभर राहिली तर तिथे खड्डा पडतो, तो पुसून जात नाही. पूर्वेला हायवेची आणि खडी-रेतीच्या ट्रकांची धूळ. सोसायट्यांत टँकरचं नाहीतर बोअरचं जड पाणी. वॉचमन सकाळी त्याच पाण्याने गाडी धुतो, पुसायला वेळ नसतो, थेंब उन्हात वाळतात आणि प्रत्येक थेंबाचा क्षार गोल डाग होऊन बसतो. कव्हर घालणाऱ्यांनाही सांगतो, धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्यावर ते फडफडतं आणि धूळ पॉलिश पेपरसारखी घासत राहते. आमच्याकडे नर्सरीवाले रोपांवर बांधतात ती हिरवी जाळी चार बांबूंवर ताणली तर गाडीला न शिवता पुष्कळ ऊन अडतं.

तपासायला मला नख आणि मास्किंग टेप पुरते. चट्ट्याच्या कडेला नख आडवं फिरवायचं. पायरी लागली नाही, नुसता धुरकटपणा असेल, तर क्लिअर अजून धरून आहे. 2000 किंवा 3000 नंबरच्या वॉटर पेपरने हलकं घासून, कंपाउंड आणि बफिंगने तो मोकळा करता येतो. पण प्रत्येक बफिंग थोडा क्लिअर खातं, आणि 40 मायक्रॉन म्हणजे काही अक्षय्य पात्र नाही. पायरी लागली तर टेप चिकटवून झटक्यात ओढायची. टेपला पापुद्रा आला की पॉलिशचा विषय संपला. या टप्प्यावर बाजारातली कुठलीही बाटली, कुठलंही कोटिंग, कुठलंही मेण उपयोगाचं नाही. ते चार धुण्यांपुरतं डाग झाकतं, आणि त्यात सिलिकॉन असेल तर पुढे रंगवताना रंग जागोजागी फाकून बारीक डोळे पडतात.

मग राहतं ते खरं काम, आणि त्यातलं अवघड काम गनचं नाही, पेपरचं आहे. पापुद्रा जिथे दिसायला संपतो तिथे रोग संपत नाही. कडेच्या पुढे बोटभर, कधी वीतभर क्लिअर वरून चांगला दिसतो पण आतून सुटलेला असतो. म्हणून धुऊन, डिग्रीझरने दोनदा पुसून, 180 किंवा 220च्या पेपरने कडेपासून बाहेर घासत जायचं. घासताना क्लिअर पांढऱ्या भुकटीसारखा निघाला तर तो घट्ट आहे. पातळ तुकडे होऊन उडाला तर अजून पुढे जायचं. थांबायची जागा हाताला कळते. उस्तादांनी मला डोळे मिटून तळवा फिरवायला लावलं होतं, आणि आज मी माझ्याकडच्या पोरांना तेच करायला लावतो. कड पूर्ण उतरली की क्लिअर, बेस, सरफेसर यांची वर्तुळं एकात एक दिसतात आणि तळव्याला मात्र काही लागत नाही. तिथून पुढे सरफेसर, वाळल्यावर 600-800 नंबरचं पाणी-घासकाम, मग बेस.

शेडसाठी कंपनीच्या रंगाच्या कोडवर विसंबू नये. दहा वर्षं उन्हात राहिलेला ग्रे कारखान्यातल्या ग्रेपेक्षा वेगळा झालेला असतो. मी कार्डावर मारून, वाळवून, वर क्लिअर देऊन, कार्ड दारावर धरून उन्हात बघतो. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड बाहेर वेगळी निघते.

क्लिअर मात्र पूर्ण पॅनलवर, शिवणीपासून शिवणीपर्यंत. इथेच गिऱ्हाइकाशी बोलणं अडतं. भुईगावचे एक काका त्यांची हॅचबॅक घेऊन आले होते, टपावर ताटाएवढा चट्टा.

“अरे बाळा, एवढ्याच जागेवर मार ना. सगळा टप कशाला?”

“मारून देईन काका, आज छान दिसेल. पण नवा क्लिअर जुन्यावर जिथे विरवत संपवतो तिथे तो सगळ्यात पातळ. एक उन्हाळा गेला की तीच कड उघडणार.”

काका विचार करतो म्हणून गेले आणि दिवाळीनंतर पूर्ण टपासाठी आले. मला ती वेळ मान्य होती. पावसाळ्यात मी क्लिअरचं काम शक्य तोवर घेत नाही. क्लिअरमध्ये मिसळलेला हार्डनर हवेतल्या पाण्याशीही जुळतो, मग बारीक बुडबुडे येतात, झळाळी मरते. बंद, गरम बूथ असेल त्यांनी खुशाल करावं; तिथे 60 अंशांवर अर्ध्या तासात रंग भाजून निघतो. माझ्यासारख्या शेडवाल्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावा, आणि तेव्हाही रोज सकाळी कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढावं. टप रंगवताना पुढच्या काचेची रबराची बीडिंग काढूनच काम करावं. बीडिंगला टेप लावून मारलेला रंग तिथूनच सुटायला लागतो, आणि खाऱ्या हवेत गंज लपायला तीच जागा शोधतो.

एक गोष्ट मी प्रत्येक गॅरेजवाल्याला हात जोडून सांगेन. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वाफेनेही छाती भरून येते. वास आला नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका, वास कळेपर्यंत प्रमाण हद्दीबाहेर गेलेलं असतं. तोंडाला बांधलेला रुमाल धूळही नीट अडवत नाही, वाफ तर नाहीच. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क उत्तम, निदान काडतूस बदलता येणारा मास्क घट्ट बसवून वापरा, काडतूस वेळेवर बदला, आणि गन चालू असताना बिनमास्कच्या पोराला शेडमध्ये उभं करू नका. कितीतरी चांगल्या हातांच्या कारागिरांना चाळिशीत धाप लागलेली मी बघितली आहे.

सगळ्याच गाड्या रंगवाव्यात असंही मला वाटत नाही. गाडी बारा-तेरा वर्षांची आहे, दोन वर्षांनी काढायची आहे आणि बेसखालचा प्रायमर शाबूत आहे, तर मी काम नाकारतो. सुटलेल्या कडा उतरवून, स्वच्छ करून, पत्रा दिसत असेल तेवढ्या जागी प्रायमर आणि रंगाचा हात देऊन गाडी वापरा म्हणतो. दिसायला ती बरी दिसत नाही, पण गंजत नाही. गंज लागलेला टप मात्र थांबवून ठेवू नये. तिथे वाट बघण्याने रंगाचं काम पत्र्याचं काम होतं. आणि स्वस्तात पूर्ण गाडीवर न घासता एक हात क्लिअर मारून देणाऱ्याकडे जाऊ नये. सुटलेल्या क्लिअरवर चढवलेला क्लिअर त्याच्यासकट सुटतो.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जाऊ नका. सकाळी ती नुकतीच धुतलेली असते, आणि धुरकट क्लिअर ओला असताना अगदी नव्यासारखा दिसतो, कारण पाणी त्याचे बारीक तडे भरून टाकतं. दुपारी जा, गाडी पूर्ण कोरडी होऊ द्या, दार उघडून उंबऱ्यावर पाय ठेवून टप वरून बघा, बॉनेटची आणि डिकीची वरची बाजू बघा, कडांवरून नख फिरवा. चट्टा सापडला तर गाडी सोडायलाच हवी असं नाही. पूर्ण टपाच्या रंगकामाचा खर्च आधी विचारून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा.