आमचाही शेवट गोड हवा!

मैत्रिणींनो, अगदी खरं सांगा हं. कुकर चढवलाय, कणीक मळून झालीय आणि पहिल्या शिट्टीला अजून अवकाश आहे, अशा वेळी तुमचा हात कुठं जातो? माझा तर गेली पन्नास वर्षं कादंबरीकडे जातो, आणि कादंबरी म्हणजे प्रेमाचीच! ती हवी, तो हवा, मध्ये गैरसमजाची चांगली शंभर पानं हवीत आणि शेवटी दोघांची गाठ पडायला हवी. याला कुणी ‘बायकी वाचन’ म्हणून नाक मुरडतं. मुरडू देत बापडे. दिवसभर दुसऱ्यांच्या आवडीचं रांधणाऱ्या बाईनं पाऊण तास आपल्या आवडीचं वाचलं, तर कुणाचं काय जातं?

माझं माहेर सातारा, सासर सांगली. साताऱ्यात राजवाड्याजवळ एका दुकानात कादंबऱ्या भाड्यानं मिळत. रोजचे दहा पैसे. पुस्तक आधी कितीतरी हातांतून फिरलेलं असायचं आणि समासात पेन्सिलीनं शेरे असायचे. ‘हिनं असं बोलायला नको होतं.’ ‘पान ८४ वर रडू आलं.’ एकीनं लिहिलं होतं, ‘असा नवरा कुठं मिळतो?’ आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘कादंबरीत!’ कोण कुठल्या त्या बाया, पण मला त्या मैत्रिणीच वाटायच्या. कादंबरीपेक्षा शेरेच मी आधी वाचून काढी.

तेव्हा ना. सी. फडक्यांच्या नायिका घरोघर माहीत होत्या. खांडेकरांबद्दल तर आमच्या सासरी फार अभिमान, कारण त्यांचा जन्म सांगलीचा, १८९८ सालचा. ‘ययाती’ला १९७४ मध्ये ज्ञानपीठ मिळालं त्याचं कौतुक सासूबाई पुढं कितीतरी वर्षं सांगत. चंद्रकांत काकोडकर मात्र उशीखाली ठेवून वाचायचे! त्यांची ‘श्यामा’ अश्लील आहे का, याचा निकाल १९६९ साली थेट सर्वोच्च न्यायालयात लागला, आणि नाही असा लागला. हे मला तेव्हा ठाऊक असतं, तर आईच्या तोंडावर मारला असता तो निकाल!

पण या सगळ्या वाचनात एक कुसळ होतं. मला लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय बारीक राहिला आणि चालताना मी लचकते. कादंबरीतली नायिका गोरी, नाकेली, कॉलेजच्या जिन्यावरून धावत उतरणारी. आता मी कुठल्या जिन्यावरून धावत उतरणार होते? पाय अधू असलेली मुलगी कादंबरीत असे, नाही असं नाही. पण ती नायिकेची मैत्रीण असे, किंवा जिच्यापायी नायक लग्नाचा विचार सोडतो अशी त्याची धाकटी बहीण. कधी चुकून नायिकाच असली, तर शेवटच्या प्रकरणात मुंबईचे डॉक्टर येऊन ऑपरेशन करत आणि ती लख्ख चालू लागे. ऑपरेशन झाल्याशिवाय आपल्यासारखीला नायक मिळत नाही, हे मी चौदाव्या वर्षीच ताडलं होतं. पुढं लग्न झालं, चांगलं झालं. आमचे हे बाजारात माझ्याबरोबर अर्धं पाऊल मागे चालतात. ते मुद्दाम हळू चालतात, हे मला कळायला वर्ष लागलं. अशी गोष्ट मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, एवढंच.

आता आमच्या भिशीची गोष्ट सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला, तेव्हा सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजून गेली. पाणी ओसरल्यावर घराघरांतून गाद्या, धान्य, भांडी बाहेर काढली जात होती. त्या गडबडीत ‘आता वाचायचं काय?’ असं विचारायचीही लाज वाटत होती. पण आम्ही काहीजणींनी एकमेकींना हळूच विचारलंच. त्यातून पुस्तकभिशी निघाली. आम्ही अकराजणी. महिन्याला प्रत्येकीचे शंभर रुपये. जिची चिठ्ठी निघेल तिनं आपल्या पसंतीचं पुस्तक आणायचं, त्याच्या दोन-तीन प्रती घ्यायच्या आणि महिनाभर सगळ्यांनी आळीपाळीनं वाचायचं. पुढच्या भिशीला चहा-चिवडा आणि चर्चा. उरलेले पैसे गल्लीतल्या मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकांना. अट एकच: पुस्तकात प्रेम हवं. (तुमच्याकडे करून बघा. भांड्यांच्या भिशीपेक्षा यात जास्त रंगत येते आणि माळ्यावर पातेल्यांची चळतही वाढत नाही.)

पहिले काही महिने नेहमीचीच पुस्तकं झाली. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी चर्चेच्या दिवशी आतून सगळं ऐकत. एकदा लाटणं थांबवून म्हणाल्या, “काय वं वैनी, तुमच्या ह्या पुस्तकांत समदी बंगल्यातलीच माणसं का? आमच्यात काय कुणाचं कुणावर मन जात न्हाय?”

सगळ्याजणी हसल्या. मला मात्र माझा जिना आठवला.

मावशींचं माहेर वाळवा तालुक्यातलं. मी विचारलं, अण्णा भाऊ साठे माहीत आहेत ना? “म्हंजे काय! वाटेगावचं. जयंतीला फोटोला हार घालत्यात.” पण त्यांनी प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिल्यात हे काही मावशींना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्या अकरांपैकी नऊजणींनाही नव्हतं. मातंग घरात १९२० साली जन्मलेला, शाळेचं तोंड जेमतेम बघितलेला हा माणूस. १९६९ मध्ये वयाच्या पन्नाशीच्या आत गेला आणि पस्तीसेक कादंबऱ्या ठेवून गेला. ‘फकिरा’ सगळ्यांना माहीत, कारण तिला १९६१ साली राज्य सरकारचं बक्षीस मिळालं. पण ‘वैजयंता’, ‘आवडी’, ‘चित्रा’, ‘अलगूज’? नावं बघा नुसती! ‘वैजयंता’वर त्याच साली सिनेमा निघाला, तमाशातल्या पोरीचा. ‘अलगूज’वरून ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ निघाला १९७४ मध्ये. म्हणजे आम्ही जातीबाहेरचं प्रेम, गावकुसाबाहेरचं प्रेम म्हणून जे हुडकत होतो, ते आमच्याच वारणेच्या खोऱ्यात कधीचं लिहून झालं होतं.

पुढच्या चिठ्ठीला ‘आवडी’ आणली. मावशींना अक्षर येत नाही, म्हणून त्या पोळ्या लाटत आणि मी ओट्याशी स्टूल घेऊन मोठ्यानं वाची. पोळ्या त्या आठवड्यात जरा जाडच झाल्या, घरात कुणी कुरकुर केली नाही. या कादंबरीवरून निघालेल्या सिनेमाचं नावच ‘टिळा लाविते मी रक्ताचा’, तेव्हा शेवट काय असेल ते सांगायला नको. पुस्तक मिटल्यावर मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “लिवलंय खरं. पर मारायला पायजेच हुतं का?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्या दिवसापासून मी प्रत्येक पुस्तक त्या प्रश्नावर घासून बघायला लागले.

कारण आपल्याकडे सगळ्यांना जागा देणाऱ्या प्रेमकथा नाहीत, असं मुळीच नाही. विभावरी शिरूरकरांनी १९३४ साली ‘हिंदोळ्यावर’ लिहिली, नवऱ्यापासून दुरावलेल्या बाईलाही पुन्हा प्रेम करावंसं वाटतं म्हणून. केवढं काहूर उठलं होतं त्या काळी! आमच्याच कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे चारुता सागर यांनी ‘दर्शन’ ही कथा लिहिली. तिच्यावरून आणि राजन गवसांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवरून २००९ साली ‘जोगवा’ सिनेमा आला. देवीला सोडलेली जोगतीण आणि अंगावर लुगडं चढवलेला जोगता, यांचं प्रेम! थेटरात माझ्या शेजारी बसलेली बाई पदर तोंडात धरून रडत होती. आणि फलटणजवळ विंचुर्णीला राहणाऱ्या गौरी देशपांडे, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्याच की. ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’मध्ये मराठी बाई आणि जपानी पुरुष. ते वाचून आमच्या भिशीतल्या एकीनं विचारलं होतं, “एवढं सरळ बोलता येतं नवऱ्याशी?” त्यावर आमची चर्चा अशी रंगली की चहा दोनदा गरम करावा लागला.

जागा आहे. पण मावशी म्हणतात तो शेवट?

याचं उत्तर मला माझ्या भाचीनं दिलं. साताऱ्याच्या माझ्या भावाची मुलगी, पुण्यात नोकरी करते. सुट्टीत आली की रात्री माझ्याशेजारी झोपते आणि फोनवर इंग्रजी प्रेमकादंबऱ्या वाचते. “आत्या, ही ऐक,” म्हणून मला मराठीत सांगते. हेलन होआंग नावाच्या बाईची २०१८ सालची एक कादंबरी. तिची नायिका हिशेबात अतिशय हुशार, पण स्वमग्न. लेखिकेलाही स्वतःच्या स्वमग्नतेचं निदान मोठेपणीच झालेलं. दुसरी टालिया हिबर्टची, २०१९ ची. नायिका काळी, अंगानं भरलेली, आणि तिचं अंग सतत दुखत असतं, बरं न होणारं दुखणं. बरं का, ते शेवटपर्यंत बरं होत नाही! ऑपरेशन नाही, मुंबईचे डॉक्टर नाहीत. तो तिचं दुखणं धरूनच तिच्यावर प्रेम करतो आणि शेवट गोड. मी भाचीला म्हटलं, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. रात्रीचा एक वाजला होता.

भाची म्हणते, त्या कादंबऱ्यांचा नियमच आहे, शेवट गोड. पूर्वी तो नियम ठरावीक लोकांनाच लागू असे. इंग्लंडातली मिल्स अँड बून कंपनी १९०८ पासूनची, पण आपल्यासारखीला तिथं तरी जागा कुठं होती? आता वाचणाऱ्याच मागायला लागल्या. जाड असो, काळी असो, विधवा असो, दोन मुलगे असोत की दोन मुली, गोड शेवट आमच्याही वाट्याला हवा, म्हणून. आपल्या मराठीतही ‘प्रतिलिपी’वर किती बायका रोज एक भाग लिहितात आणि किती वाचतात! तिथल्या सगळ्याच कथा चांगल्या असतात असं मी म्हणणार नाही. श्रीमंत रागीट नवऱ्यांचा तिथं सुकाळ आहे. पण मधूनच एखादी घटस्फोटित, चाळिशीची, मुलाला शाळेत सोडून येणारी नायिका भेटते आणि खालच्या प्रतिक्रियांत बायका लिहितात, ‘अगदी माझीच गोष्ट.’ माझ्या राजवाड्याजवळच्या समासातल्या मैत्रिणीच त्या!

मग एकदा भाची सुट्टीला आलेली असतानाच भिशी होती. चिठ्ठी माझी निघाली. म्हटलं, तूच सुचव. तिनं ‘कोबाल्ट ब्लू’ सुचवली, सचिन कुंडलकरांची, २००६ सालची. पुण्यातलं साधं घर, वरच्या खोलीत एक भाडेकरू येतो, आणि घरातला मुलगा व मुलगी, दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात. अर्धं पुस्तक भावाचं, अर्धं बहिणीचं. पुस्तक बारीकसंच आहे, पण आमच्या भिशीत अशी खडाजंगी कधी झाली नव्हती. एकजण म्हणाली, असलं घरात ठेवायचं नाही. दुसरी म्हणाली, कायद्यानं २०१८ मध्येच याला गुन्हा म्हणणं थांबवलं, आता काय? तिसरी म्हणाली, लग्नाची मुभा तर २०२३ च्या निकालानंही दिली नाही ना. पहिली उठून गेली. ती अजून भिशीला येत नाही. रस्त्यात भेटली की भाजीचे भाव बोलतो.

भाची कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. शेवटी तिला कुणीतरी विचारलं, तुला काय वाटलं पुस्तक? ती म्हणाली, “आवडतं मला. पण त्यातही तो भाडेकरू निघूनच जातो. मला असं एक हवंय, ज्यात ती दोघी एकत्र राहतात, भांडतात आणि कणीक कुणी मळायची ते ठरवतात.”

ती ‘दोघी’ म्हणाली. ‘दोघं’ नाही. खोलीत माझ्याशिवाय ते कुणी टिपलं की नाही, मला माहीत नाही. मावशींनी टिपलं असावं, कारण जाताना त्यांनी तिच्या हातावर चिवड्याची पुडी ठेवली आणि म्हणाल्या, “खात जा गं, वाळलीयास.” रात्री ती माझ्याशेजारी झोपली तेव्हा तिनं आणखी थोडं सांगितलं. ते तिचं आहे, इथं लिहिणार नाही. तिच्या आईला अजून सांगायचंय, एवढं म्हणाली.

वहिनी माझी तशी वाचणारी नाही. पण या दिवाळीत मी साताऱ्याला गेले तेव्हा ‘कोबाल्ट ब्लू’ पिशवीत नेली आणि कंदी पेढ्यांच्या खोक्याशेजारी ठेवून दिली. वहिनीनं उलटसुलट करून बघितली, म्हणाली, “प्रेमाची का? राहू दे चार दिवस.” चार दिवसांचे तीन महिने झाले. मी परत मागितलेली नाही. मागच्या आठवड्यात कामासाठी पुन्हा साताऱ्यात उतरले, तेव्हा पुस्तक शिवणयंत्रावर होतं आणि खूण म्हणून आत एसटीचं तिकीट घातलेलं होतं. वहिनी चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात मी उघडून बघितलं. तिकीट निम्म्याच्या पुढं होतं, आणि समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. वाचायच्या आत वहिनी कप घेऊन आली.