कंबर आणि खुबा

2024 च्या दिवाळीनंतर आमच्या घरात मुष्टियुद्ध शिरले. आमची नात तेव्हा नववीत होती. सूनबाईंचा विचार तिला कथ्थकच्या वर्गास घालण्याचा होता. परंतु कन्येने कपाटाच्या आतल्या बाजूस मेरी कोम आणि निखत झरीन यांची छायाचित्रे चिकटवून ठेवली होती, आणि स्त्रियांच्या मुष्टियुद्धास 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम प्रवेश मिळाला, त्याच वेळी मेरी कोमने कांस्यपदक आणले, निखत 2022 साली जगज्जेती झाली, ही सारी माहिती तिला मुखोद्गत होती. अशा तयारीच्या वकिलापुढे घरचे न्यायालय किती वेळ टिकणार? मुलगी हातमोजे घेऊन आली.

आम्हांस मनातून आनंदच झाला. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांना आखाड्याचे अगत्य सांगावे लागत नाही. प्रोफेसर माणिकरावांचे नाव आमच्या लहानपणी घराघरांत आदराने घेतले जाई, आणि व्यायामज्ञानकोशाचे जाडजूड खंड याच गावातून निघाले. मुठीने लढण्याचे म्हणाल, तर त्याचाही वारसा येथे आहे. ज्येष्ठीमल्ल उजव्या मुठीत शिंगाचे अणकुचीदार वज्र धरून गायकवाडांच्या दरबारी झुंजत. खंडेराव महाराजांच्या वेळी येथे येऊन गेलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्या झुंजींचे वर्णन लिहिले असून 1875 साली ते पॅरिसला पुस्तकरूपाने छापून निघाले. ते वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. तात्पर्य, नातीचे हातमोजे पाहून आम्हांस ते काही परके वाटले नाहीत. आम्ही स्वतः 1968 ते 1972 अशी चार वर्षे आमच्या आळीतल्या एका लहानशा आखाड्यात माती अंगाला लावली होती, आणि तिचा अभिमान मात्र पुढे पन्नास वर्षे पुरवून वापरला होता.

तिचे शिक्षक सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. महिन्याभराने ते आम्हांस म्हणाले, “हाथ अच्छा है, लेकिन कमर नहीं घूमती.” ठोसा नुसत्या हाताचा पडतो, त्यात अंग येत नाही, असे त्यांचे म्हणणे. हे आम्हांस पटले. ठोशाचा जन्म पायात होतो, हे जाणकार मंडळी पूर्वीपासून सांगत आली आहेत. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या सोविएत संशोधकांच्या एका अभ्यासात कसलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे 38 टक्के, तर नवशिक्यांच्या ठोशात जेमतेम 16 टक्के आढळला होता. मागचा पाय जमीन रेटतो, तो रेटा खुब्यातून वळणाने धडात चढतो, आणि खांद्यावाटे मुठीत उतरतो. वाटेत एक फाटक बंद असले की माल तेथेच अडकतो.

फाटक बंद आहे एवढे समजल्यावर आम्ही ते उघडण्याचा जो उपाय केला, त्याची आठवण अजून सुखाची नाही. आम्ही तिला बैठका सांगितल्या. पहिल्या आठवड्यात पन्नास, दुसऱ्यात शंभर, तिसऱ्यात दोनशे. पहाटे गच्चीवर ती बैठका मारी आणि आम्ही खुर्चीत बसून मोठ्या आवाजात मोजत असू. एकशे ऐंशीच्या पुढे तिचा चेहरा वाकडा होऊ लागला, तेव्हा आम्ही “आमच्या उस्तादांपुढे तोंड वाकडे केले असते तर!” असे म्हणून पुढचा आकडा उच्चारला. हे वाक्य आम्ही नेमके उच्चारले होते, म्हणून येथे लिहून ठेवीत आहोत.

तिने जांघेतले दुखणे आठ दिवस लपविले. शिक्षकांपासून लपविले ते स्पर्धेतून वगळतील म्हणून. आमच्यापासून का लपविले, ते वेगळे सांगावयास नको. नवव्या दिवशी सरावात डावीकडून ठोसा मारताना ती खालीच बसली. डॉक्टरांनी तपासले. हाड शाबूत होते. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ताणून थोडा फाटला होता. सहा आठवडे विश्रांती. जिल्ह्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. घरात आम्हांस कोणी शब्दानेही बोलले नाही, आणि तीच शिक्षा जड गेली. नात तर झोपाळ्यावर आमच्या शेजारी बसायचीच बंद झाली.

पुढे व्यायामोपचारासाठी तिला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेऊ लागलो. नेण्या-आणण्याचे काम आम्ही हट्टाने मागून घेतले. बाई वयाने तिशीच्या, पण बोलणे स्पष्ट. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, “आजोबा, कंबर म्हणजे कोणती जागा?” आम्ही हात ठेवून दाखविली. त्या म्हणाल्या, “घोटाळा तिथेच आहे. इथले पाच मणके फार वळतच नाहीत. सगळे मिळून एका बाजूला जेमतेम दहा-बारा अंश. वळतो तो खालचा खुबा.” उजव्या हाताचा सरळ ठोसा मारताना सगळा कटिभाग पुढच्या, म्हणजे डाव्या, खुब्यावर दाराच्या पाखेसारखा फिरतो. नातीला पालथे झोपवून, गुडघा वाकवून त्यांनी मोजले. डावा खुबा आतल्या अंगास फारच थोडा वळत होता. म्हणजे पोर आज्ञाधारकपणे न वळणारी कंबर वळवीत होती, आणि आम्ही तिच्याकडून केवळ वर-खाली होणाऱ्या बैठका करून घेत होतो. बैठकेने मांडी बळकट होते, दमही वाढतो. पण वळण तिच्यात नाही. शब्दाचा घोटाळा एवढा महागात पडल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

मग आमच्या उस्तादांचे आठवले. ते कधी “कंबर” म्हणत नसत. “खुबा सोड” म्हणत. आणि नव्या पोराला ते आधी नुसते उकिडवे बसवीत, टाचा जमिनीला टेकवून, बराच वेळ. आम्हांस ते बसणे म्हणजे काम वाटतच नसे, कारण घरी आम्ही पाटावर मांडी घालून जेवत होतो, जमिनीवर बसून अभ्यास करीत होतो, आणि सकाळचा विधीही उकिडवेच उरकत होतो. आखाड्यात पाऊल ठेवण्यापूर्वीच आमचे खुबे उघडलेले होते. नात वाढली ती जेवणाच्या टेबलाशी, शाळेच्या बाकावर आणि बसच्या आसनावर. आकडा आम्ही उस्तादांकडून घेतला, आणि आकड्याआधीची सारी वर्षे हिशेबात धरावयाची विसरलो.

उपचार दिसायला अगदी साधा होता. प्रथम दोन गुडघ्यांत उशी धरून हळू दाबायची, दुखणार नाही इतकीच. मग जमिनीवर बसून एक पाय पुढे व दुसरा बाजूला, दोन्ही गुडघे काटकोनात, आणि तसेच बसल्या जागी कूस बदलायची. सेतुबंधासन, आधी दोन पायांवर, मग एका पायावर. सूर्यनमस्कारात एक पाय मागे टाकतो त्या स्थितीत थांबणे, म्हणजे बसून बसून आखडलेला खुब्याच्या पुढचा स्नायू सुटतो. शेवटी शेवटी कुशीवर कोपराने तोल धरून वरचा पाय बाकावर ठेवायचा नि अंग उचलून धरायचे. जांघेसाठी फूटबॉलवाले हा प्रकार फार करतात म्हणे. सरावापूर्वी पाय झुलवून, खुबे गोल फिरवून अंग गरम करायचे. एका जागी धरून ठेवायचे लांब ताण सरावानंतर, कारण ठोशापूर्वी ते दिले तर जोर किंचित उतरतो. सर्वांची उखळी सारखी घडलेली नसते, म्हणून जांघेत पुढून चिमटा बसल्यासारखे झाले की तेथेच थांबायचे. हा नियम बाईंनी आमच्याकडे पाहून दोनदा सांगितला.

चौथ्या दिवशी त्या आम्हांस म्हणाल्या, “तुम्हीही बसा ना शेजारी.” आम्ही बसलो. अर्थात बसलो कसले! उजवा पाय बाजूस जाईना, आणि आम्ही पोत्यासारखे डावीकडे कलंडलो. त्या प्रसंगानंतर प्रथमच नात मोठ्याने हसली आणि तिने आमच्या खाली उशी सरकवली. तेव्हापासून संध्याकाळी दिवाणखान्यातली सतरंजी आम्हां दोघांची झाली. 2025 च्या गौरीजेवणास आम्ही सात-आठ वर्षांनी पाटावर बसलो. उठताना मुलाचा हात लागला, ते सोडून द्या.

नात तीन महिन्यांनी पुन्हा रिंगणात उतरली. पहिली लढत गुणांवर हरली. शिक्षक म्हणाले, “अब घूमता है,” आणि काय घूमता है ते त्यांनी सांगितले नाही. बैठका ती अजून मारते, वीस-पंचवीस, टाचा टेकवून, सावकाश. आम्ही झोपाळ्यावर बसून पाहतो. मोजायचे काम मात्र तिने आमच्याकडून काढून घेतले आहे.