रात्रीची फेरी

आमच्या घरी रात्री कडी वाजली की कुणी दचकत नसे. आबा उठले असतील, सर्ज्याला बघायला गेले असतील, असे म्हणून जो तो कूस बदलायचा. थोड्या वेळाने माठावरचे झाकण वाजायचे, तांब्या ठेवल्याचा आवाज यायचा आणि आबा पुन्हा बाजेवर येऊन पडायचे. हे आवाज मी वर्षभर ऐकत होते. वर्गात बसून कवितेतल्या एकेका शब्दाचा अर्थ लावणाऱ्या मला घरच्या माठाच्या झाकणाचा अर्थ लागला नाही. त्याची खंत मनात आहे, म्हणून हे लिहीत आहे.

आमचे गाव येलदरी. पूर्णा नदीवरचे, १९६८ साली पुरे झालेले मोठे धरण ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते, तेच हे जिंतूर तालुक्यातले येलदरी. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. तिथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात जाते आणि पुढे कालव्यांनी दूरदूरच्या रानांत पोचते. आमच्याकडे येणारा पाहुणा आधी धरण बघतो. मग आबा त्याला गोठ्यात नेतात आणि सर्ज्या दाखवतात.

सर्ज्या म्हणजे आमचा बैल. लाल कंधारी जातीचा, विटकरीहून गडद रंगाचा. मी बालवाडीत होते तेव्हा आबांनी राजा-सर्ज्याची जोडी आणली. दोघेही तेव्हा चार दाती होते. म्हणजे आज सर्ज्या एकोणीस वर्षांच्या घरात आहे. बैलाच्या मानाने तो आबांपेक्षाही म्हातारा. राजा चार वर्षांपूर्वी गेला आणि जू अडगळीत पडले. बाबा आता भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरणी उरकतात. सर्ज्याच्या खांद्यावरचा घट्टा मात्र तसाच आहे. दात झिजल्याने त्याला कडबा चावत नाही. आबा कुट्टी करून, भरड्यात भिजवून त्याच्यापुढे ठेवतात. डाव्या डोळ्यात सारा पडला आहे, म्हणून त्याच्याकडे नेहमी उजव्या बाजूने जायचे, अशी घरात सर्वांना ताकीद आहे.

बसून खाणाऱ्या बैलाबद्दल गावात बोलणारे बोलतात. २०१५ सालच्या कायद्याने राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. परंतु म्हाताऱ्या बैलाचा चारा ज्याचा त्यालाच बघावा लागतो, आणि दुष्काळाच्या साली तो माणसाच्या भाकरीइतकाच महाग पडतो. एकदा शेजारच्या काकांनी विचारले, "आबा, रिकाम्या बैलाला किती दिस पोसायचं?" आबा म्हणाले, "मी बी रिकामाच हाय की बाबा. मला कवा नेता बाजारात?" सगळे हसले. मीही हसले.

रोज सकाळी आबांची तपासणी चाले. सर्ज्याच्या नाकपुडीवर ओल आहे की ती कोरडी पडली, कान गार आहेत का, शेण कसे पडले, रवंथ नीट चालले आहे ना, हे सगळे चहाच्या आधी पाहायचे. "मुक्या जनावराला सांगता येत नाही. आपणच वाचून घ्यावं लागतं," असे ते म्हणत. गेल्या आषाढात चिखलात सर्ज्याचा पाय घसरला आणि खूर आबांच्या करंगळीवर पडला. आबांनी हळद भरली, वर चिंधी बांधली. बैलाचा गुडघाही सोलला होता; त्याला तीच हळद लावली. आठ-दहा दिवसांत सर्ज्याचा गुडघा बरा झाला. आबांच्या चिंधीकडे कुणी पाहिले नाही.

श्रावणाच्या आरंभी सर्ज्याने चारा सोडला. एकच रात्र, पण त्या रात्री घरात कुणी झोपले नाही. आई ओव्याचे पाणी करत होती, बाबा फोन लावत होते, मी बॅटरी धरून उभी होते. सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी सर्ज्याच्या पोटाला कान लावला, औषध पाजले, इंजेक्शन दिले. "वयाच्या मानानं बरा आहे," म्हणाले. मग हात धुता धुता त्यांची नजर आबांच्या पायावर गेली.

"आबा, हे कधीचं?"

"झाला महिना. काही नाही ते. दुखत बी नाही."

डॉक्टरांनी चिंधी सोडली. करंगळी काळी पडली होती. त्यांनी बोटाशेजारी दाबून विचारले, "आता?" आबांना काही कळले नाही. पलीकडे दाबले. तरी नाही.

"दुखत नाही तेच वाईट आहे. रात्री किती वेळा उठता?"

आबांनी सर्ज्याकडे पाहिले. "चार-पाच खेपा होत्यात."

"याला बघायला?"

आबा काही बोलले नाहीत. आजी दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. गोठ्याच्या कोपऱ्यात मुंग्या फार झाल्या म्हणून ती महिनाभर तिथे राख टाकत होती. त्या मुंग्या तिथे कशाला येत होत्या, हे तिला त्या क्षणी समजले.

"मी जनावरांचा डॉक्टर आहे," ते बाबांना म्हणाले, "पण आजच्या आज यांना दवाखान्यात न्या."

जिंतूरला तपासले तेव्हा साखर साडेतीनशेच्या वर निघाली. तिथून परभणीला नेले. साखर वाढून वर्षानुवर्षे तशीच राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, जखम जाणवत नाही आणि भरूनही येत नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

दवाखान्यात मी आबांना विचारले, "वर्षभर तहान लागत होती, अंगातला सदरा ढिला झाला होता, मग सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "तुझ्या फीचा महिना होता. मग बियाणं आलं. मग सर्ज्याचं आलं." थोडे थांबून म्हणाले, "आन कुणी इचारलं बी नाही." त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. सर्ज्याने एक वेळचा चारा सोडला तर घर जागे झाले. आबांच्या ताटात दोन महिने अर्धी भाकरी उरत होती आणि मी ती उचलून सर्ज्याला घालत होते. मुक्या जनावराला बोलता येत नाही म्हणून आपण त्याच्याकडे पाहतो. माणसाला बोलता येते, तेव्हा तो सांगेलच, असे धरून चालतो.

आबांना इन्सुलिन सुरू झाले. ते टोचायला मी शिकले. एक दिवस त्यांनी विचारले, "हे कशाचं करत्यात?" मी ग्रंथालयात जाऊन वाचले. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे औषध शोधले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. त्यासाठीचा अर्क बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेला होता. पुढे कित्येक वर्षे गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडापासूनच इन्सुलिन मिळत असे. १९८२ पासून सूक्ष्म जंतूंकडून तयार करवलेले इन्सुलिन बाजारात आले.

हे आबांना सांगावे की नाही, असा मला प्रश्न पडला. शेवटी सांगितले, आणि आता ते जनावरापासून काढत नाहीत, हेही घाईने जोडले. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे माणसाला जगवायचं काम बी बैलानंच केलं." आणि टोचून घ्यायला दंड पुढे केला. त्यानंतर एकाही दिवशी त्यांनी सुईला नाही म्हटले नाही.

पोळ्याच्या दोन दिवस आधी आबा घरी आले. आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला बाबांनी तूप-हळद पुढे केली. पण आबा काठी टेकत स्वतः उठले. उजव्या बाजूने गेले आणि सर्ज्याच्या घट्ट्यावरून हात फिरवत राहिले. मिरवणुकीला दोघेही गेले नाहीत. दोघांनाही तेवढे चालवत नव्हते. आजीने पुरणपोळी सर्ज्याला गोठ्यातच भरवली. आबांना घासभर मिळाली, तीही माझ्या देखरेखीखाली.

आता रोज रात्री मी बॅटरी घेऊन आबांचे दोन्ही पाय पाहते. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, तळवे. आबा कुरकुरतात, "मी काय बैल हाय का?" मी म्हणते, "बैल असता तर आधीच पाहिलं असतं." ते हसतात. गोठ्यातून सर्ज्याच्या रवंथाचा संथ आवाज येत असतो. तो किती दिवस येईल, सांगता येत नाही.

रात्री कधी कधी अजून कडी वाजते. आता मी कूस बदलत नाही. उठते, दाराशी जाते आणि विचारते, "आबा, काय होतंय?"