तीन बोटं, तीस टक्के

गेल्या वर्षी आमच्या टीमकडे पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये अपघात-भरपाईचा हिशोब जोडायचं काम आलं. माझ्या वाट्याला एक तक्ता आला. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातला. अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण गेली तर 14. करंगळी, 7. एका हाताची तीन बोटं, 30. पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून मी ही ओळ टाइप केली आणि मला नाना आठवले.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात. आप्पांचं स्वतःचं मळणीयंत्र आहे, आमच्याकडे त्याला हडंबा म्हणतात. हंगामात ते पंचक्रोशीत फिरतं. ऑक्टोबर 2016 मध्ये सोयाबीन ओलसर होतं, तोंडाशी सारखं अडकत होतं. घास टाकायच्या तोंडावर पत्र्याचं झाकण असतं, हात आत जाऊ नये म्हणून. त्याने काम रेंगाळतं, असं म्हणून आप्पांनी ते आधीच काढून ठेवलं होतं. नानांनी अडकलेला पेंढा हाताने आत ढकलला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या सेमिस्टरची फी हडंब्याच्याच पैशातून भरली.

आप्पांनी जालन्याच्या दवाखान्याचं बिल दिलं, वर 40,000 दिले. चार माणसांत बसून मिटवलं. गावात सगळे म्हणाले, माणूस चांगला आहे, वाऱ्यावर सोडलं नाही. मलाही तसंच वाटायचं.

जालना म्हटलं की लोकांना स्टील आठवतं. ऑगस्ट 2024 मध्ये एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन कामगार भाजले, ती बातमी देशभर गेली. हडंब्यात बोटं गेली तर बातमी पारावर संपते. खरं तर कायदा इथेही आहे. वीज किंवा इंजिनावरच्या यंत्राने शेती करणारा मजूर तेव्हा 1923 च्या कायद्यात बसत होता. 1983 साली धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा झाला, तोही मळणीयंत्रांमुळेच. शेतकरी अपघात विम्याला मात्र सातबारा लागतो, आणि नानांच्या नावावर जमीन नव्हती.

त्या रात्री मी हिशोब केला. रोज 350 रुपये, म्हणजे महिन्याला 8,000 ची तेव्हाची मर्यादा ओलांडते. 8,000 चे 60 टक्के 4,800. वय 45, त्याचा गुणक 169.44. त्याचे 30 टक्के. उत्तर आलं 2,43,994 रुपये. दावा करायची मुदत दोन वर्षं. 2018 मध्येच संपलेली.

दिवाळीला आप्पांना कागद दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे मी त्याला फसवलं म्हणतो का तू?" मी गप्प. त्यांना कायदा माहीत नव्हता, हे खरं. झाकण काढलं होतं, हे त्यांना माहीत होतं.

मग नानांकडे गेलो. ते आता शेळ्या राखतात. कापूस वेचायला हात चालत नाही, काकू एकट्याच जातात. मी आकडा सांगितला. नाना हसले, मग म्हणाले, "एवढे? तुझ्या बापाला ठाव होतं का, बाबू?"

"नव्हतं, नाना."

"अन् मला कोण सांगणार होतं?"

मी दर महिन्याला 10,000 पाठवतोय, पहिल्या खेपेला 50,000 दिले. नाना 'उसने' म्हणूनच घेतात. आप्पा या विषयावर बोलत नाहीत. झाकण गोठ्याच्या माळवदावर सापडलं, त्यात कोंबडीने अंडी घातली होती. यंदाच्या हंगामात ते हडंब्यावर आहे की नाही, हे बघायला मी शनिवारी गावी चाललोय.