नाताळच्या रात्रीचं भांडं

मांजरी बुद्रुक, पुणे
डिसेंबर

प्रिय बाळा,

तू स्लो कुकर घेतलास आणि यंदा वसईच्या घरी नाताळच्या जेवणात पुल्ड पोर्क करणार आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. मला फार आनंद झाला. लगेच लिहायला बसले.

डुकराचं मटण खांद्याचंच घे. कमरेचा बिनचरबीचा तुकडा दिसायला देखणा असतो, पण फार वेळ शिजला की कोरडा पडतो. खांदा म्हणजे जनावराचा राबणारा भाग, त्यात पांढरे चिवट पडदे भरपूर. त्यातलं कोलॅजन ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. मटण आतून ९०-९५ अंशांपर्यंत गेलं की काट्याने नुसतं ओढलं तरी धागे सुटतात, आणि तरीही ते ओलसर राहतं. वेळ लागतो तो यासाठी. मी हडपसरची गर्दी पार करून कॅम्पातून मटण आणते. तू कुठूनही आण, पण खात्रीच्या दुकानातून. मांसात पांढरे, साबुदाण्याएवढे किंवा त्याहून मोठे फोड दिसले तर ते घेऊच नकोस. ती पट्टकृमीची खूण असते.

दीड किलोला वीस ग्रॅम मीठ, ठेचलेला लसूण आणि तीन चमचे आपला बॉटल मसाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. दुसऱ्या दिवशी लोखंडी तव्यावर सगळ्या बाजूंनी लाल करून घे, कारण कुकरात रंग येत नाही. तळाशी जाड कांदा, वर मटण, अर्धी वाटी व्हिनेगर. पाणी घालू नकोस, मटणालाच पुष्कळ सुटतं. व्हिनेगर गोव्याचं, माडीचं मिळालं तर उत्तम. बाटलीतला बार्बेक्यू सॉस मुळीच आणू नकोस. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागातसुद्धा पुल्ड पोर्कला व्हिनेगर-मिरचीचंच पाणी लावतात. पोर्तुगीजांचं व्हिनेगर-लसणातलं मटण आपल्याकडे येऊन इंद्याल झालं, तेव्हा ही चव आपल्या घरात कित्येक पिढ्यांची आहे. शेवटी रसावरची चरबी काढून तो आटव आणि त्यात गूळ घाल. इथे दौंडकडच्या गुऱ्हाळांचा गूळ मिळतो. एक ढेप ताईबरोबर पाठवते.

आता मला मनापासून सांगायचंय ते. आपल्याकडे सण आला की बायकांची रात्र चुलीपाशी जाते. सोरपोतेलसाठी मटणाचे बारीक तुकडे करता करता मध्यरात्रीची मिस्सा चुकलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि ते मला कधीच पटलं नाही. हा स्लो कुकर ज्याने काढला त्या अर्विंग नॅक्सनची आई लिथुआनियाची. तिच्या लहानपणी ज्यू घरांतून शुक्रवारी संध्याकाळी रश्श्याचं भांडं गावच्या भटारखान्यात जायचं आणि निवत जाणाऱ्या भट्टीत रात्रभर शिजायचं, कारण शब्बाथला काम करायचं नसतं. ती आठवण ऐकून त्याने विजेचं भांडं बनवलं. १९४० साली त्याला पेटंट मिळालं, आणि १९७१मध्ये ते क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आलं. सणाच्या दिवशी हात मोकळे राहावेत म्हणून जन्मलेली ही वस्तू आहे, बाळा. तिचा तसाच उपयोग कर. चोवीस तारखेला रात्री साडेनऊला ‘लो’वर लाव, चर्चला जा, येऊन झोप. सकाळी साडेसहाला तयार.

मधे झाकण उघडू नकोस. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. बर्फाचा गोळा झालेलं मटण थेट घालू नकोस, ते फार वेळ कोमट राहतं आणि तिथेच जंतू वाढतात. वीज गेली तर हीच भीती. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, म्हणून मी त्या दिवशी कुकर लावतच नाही. हे भांडं साधारण दोनशे वॅटचं असतं, घरच्या इन्व्हर्टरवर चालतं. ताईकडच्या इन्व्हर्टरलाच जोड. अर्धवट शिजलेलं मटण वीज जाऊन बंद पडलेल्या भांड्यात दोन तासांहून जास्त राहिलं असेल, तर कितीही जीव तुटला तरी टाकून दे.

पावापेक्षा आपल्या तळलेल्या फुग्यांबरोबर वाढ. पीठ संध्याकाळीच भिजवून ठेवा आणि सकाळी तळायचं काम तुझ्या भावाकडे दे. त्याला नीट जमतं, आणि ताईला त्या वेळी पाहुण्यांजवळ बसू दे.

तुझी,
मावशी